उद्यम नोंदणी पोर्टल : अर्ज सोपा, पण एनआयसी कोड जपून निवडा

१ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, ही लघुउद्योजकाच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी सेवांमधली बहुधा सर्वांत कमी त्रासाची. फी शून्य, कागदपत्रं अपलोड करायची नाहीत. फक्त साइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना, ते पाहा. पैसे मागणाऱ्या साइट खासगी एजंटांच्या असतात.

प्रोप्रायटरशिपसाठी मालकाचा आधार क्रमांक, भागीदारीसाठी व्यवस्थापकीय भागीदाराचा. आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, नाहीतर ओटीपीपाशीच गाडी अडते. पुढे पॅन, लागू असेल तर जीएसटी क्रमांक, युनिटचा पत्ता, बँक खातं, कामगारसंख्या. गुंतवणूक आणि उलाढाल भरलेल्या रिटर्नमधूनच उचलली जाते. तीच माहिती पुन्हा मागत नाहीत, हे फार चांगलं. एका पॅनवर नोंदणी एकच, दुसरं युनिट त्यातच जोडायचं.

महागात पडते ती एनआयसी कोडची, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी क्रमांकाची चूक. पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपने घाईत घाऊक विक्रीचा कोड निवडला, तर कागदोपत्री तो व्यापारी ठरतो. व्यापाऱ्यांना २०२१ पासून नोंदणी मिळते, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांनी ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा) कर्जापुरताच. थकलेल्या बिलाचं संरक्षण हातचं जातं. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. म्हणून ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करा. मागाहून केली तर जुन्या बिलांवर वाद होतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात उत्पादक लघुउद्योगासाठी यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा ५ कोटी होती. एक मोठं मशीन घेतलं की सवलती जाणार, मग कारखाना वाढवायचा तरी कशाला? १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल १० कोटी, लघुसाठी २५ व १००, मध्यमसाठी १२५ व ५०० कोटी अशा मर्यादा आहेत. दोन्हींपैकी एक ओलांडली तरी वर्ग बदलतो. मात्र निर्यातीची उलाढाल धरत नाहीत, प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणाही नाही, आणि वरच्या वर्गात गेल्यावर करेतर सवलती ३ वर्षं टिकतात. परदेशी ऑर्डर घेणाऱ्याला आणि सांडपाण्याची व्यवस्था करणाऱ्याला नियमाने मागे ओढू नये, एवढं भान इथे ठेवलंय.

वसुली हा मात्र कच्चा दुवा. थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वेळ त्याहून बराच लागू शकतो. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून चिकाटी सोडू नये. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), सही-शिक्क्याचं डिलिव्हरी चलन आणि उद्यम क्रमांक छापलेलं बिल, ही तिन्ही एका फाइलीत ठेवा. माल पोचल्यावर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. चलनावरची तारीख म्हणूनच स्पष्ट वाचता यायला हवी.