आरएफ मायक्रोनीडलिंग : तीन सेशन आणि त्यानंतरचे महिने

आरएफ मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुया त्वचेत टोचून त्यांतून रेडिओफ्रिक्वेन्सी (आरएफ) ऊर्जेची उष्णता देणं. मुरमांच्या खड्ड्यांसाठी तीन सेशन, दोन सेशनमध्ये चार ते सहा आठवडे आणि शेवटच्या सेशननंतर आणखी तीन महिने. या उपचाराबद्दल मत द्यायचं ते एवढा काळ गेल्यावरच. त्याआधी जे कौतुक होतं ते बहुतेक वेळा सुजेचं असतं.

पहिल्या आठवड्यात आरसा चक्क फसवतो. सूज असते, त्यामुळे खड्डे भरल्यासारखे दिसतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती पूर्ण ओसरते आणि खड्डे जागच्या जागी! पैसे पाण्यात गेले असं वाटतं ते इथेच. कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, सावकाश तयार होतं, म्हणून टिकणारा फरक दिसायला तिसरा महिना उजाडतो. फोटो काढायचे तर समोरून फ्लॅश मारून नकोत, कारण खड्डा दिसतो तो सावलीमुळे. खिडकी एका बाजूला ठेवून, दर वेळी त्याच जागी, त्याच वेळी काढलेले फोटोच कामाचे.

कोणते खड्डे सुधारतात? बोटांनी गाल हलका ताणा. ताणल्यावर जो खड्डा सपाट होतो, त्यात चांगला फरक पडतो. तरीही दबलेलाच राहणारा खड्डा बऱ्याचदा खालून तंतूंनी बांधलेला असतो; तो आधी सबसिजनने, म्हणजे त्वचेखाली सुई घालून ते तंतू तोडून, मोकळा करावा लागतो. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद, खोल आइसपिक खड्डे जवळजवळ ढिम्म राहतात, त्यांच्यासाठी टीसीए क्रॉस (खड्ड्यात तीव्र ॲसिड सोडण्याचा उपचार) बरा. काळे डाग घालवायला मात्र हा उपचार घेऊ नये.

मशीनच्या नावापेक्षा टिप (सुया असलेलं टोक) आणि करणाऱ्याचा हात महत्त्वाचे. टिपवर बहुधा 25 किंवा 49 सुया असतात. इन्सुलेटेड, म्हणजे आवरण असलेल्या सुईची उष्णता फक्त टोकाशी सुटते, वरची त्वचा वाचते. पण एका वेळी एकच थर तापतो, म्हणून वेगवेगळ्या खोलीवर दोन-तीन पास (फेऱ्या) द्यावे लागतात. नॉन-इन्सुलेटेड सुई पूर्ण लांबीभर तापते. सावळ्या त्वचेला लेसरपेक्षा हा मार्ग सोयीचा, कारण आरएफ ऊर्जा मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) शोधत जात नाही. धोका कमी होतो इतकंच, डाग पडणारच नाहीत असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टिप तिरकी टेकल्याने. जबड्याच्या कडेला त्वचा वळते, तिथे टिपची एक बाजू उचलली जाते. त्या रांगेतल्या सुया अर्ध्याच आत जातात, उष्णता वरच्या थरात सुटते आणि मागे ठिपक्यांची चौकोनी जाळी उरते. सेशननंतर ठिपके सगळीकडे सारखे आहेत का ते पाहा. एकच रांग जास्त गडद असेल तर लगेच दाखवा.

खोलीबाबत हट्ट नको. कपाळावर साधारण एक ते दीड मिलिमीटर, गालावर दोन-अडीच. ‘अजून खोल, अजून जोरात’ केल्यास चरबी वितळून गाल बसू शकतो आणि तो आपोआप भरून येईल याची खात्री नसते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये या उपचाराबाबत भाजणे, व्रण, चरबी कमी होणे आणि नसांना इजा यांचा इशारा दिला, तो याच कारणाने गंभीरपणे घ्यावा.

भुलीचं क्रीम 45 ते 60 मिनिटं हवंच. घाईत वीस मिनिटांत पुसलं तर कपाळ आणि जबड्याचं हाड चांगलंच झणझणतं. क्रीम पूर्ण पुसून त्वचा कोरडी व्हायला हवी. टिपचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. यात भीड नको.

पहिला दिवस लाल आणि गरम, दुसरा सुजेचा. तिसऱ्यापासून बारीक तपकिरी खपल्या येतात, गालावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं. त्या खरवडू नका. साधं मॉइश्चरायझर पुरतं, सनस्क्रीन दुसऱ्या दिवसापासून. रेटिनॉल, ॲसिड आणि व्हिटॅमिन सी आठवडाभर कपाटात.

पेसमेकर, गरोदरपण, पिकलेली मुरमं, ओठावर नागीण किंवा केलॉइडची (व्रण वाढून जाड गाठ होण्याची) प्रवृत्ती असेल तर हा उपचार नको. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

चौथं सेशन घ्यायचं का, हे तिसऱ्यानंतर तीन महिन्यांनी बाजूच्या उजेडातला फोटो पाहून ठरवा. फरक अर्धवट असेल तर घ्या. काहीच नसेल तर तेच पुन्हा करण्याऐवजी सबसिजनबद्दल विचारा.