सीबीसीटी की कातडीवर नजर ठेवणारा कॅमेरा?

कॅन्सरच्या रेडिएशनच्या टेबलावर पेशंटला रोज अगदी त्याच जागी झोपवणं, हे निम्मं काम. पूर्वी कातडीवर गोंदलेले ठिपके आणि भिंतीवरून येणाऱ्या लेझर रेषा एवढ्यावर भागवत. पण कातडी सरकते, आणि उपचार संपेपर्यंत माणूस बारीकही होतो.

आता दोन पर्याय आहेत. पहिला सीबीसीटी (कोन-बीम सीटी), म्हणजे उपचाराच्या मशिनवरच काढलेला सीटी स्कॅन. त्यात मशिनचा हात पेशंटभोवती साधारण मिनिटभर फिरतो. संगणक त्या एक्स-रेंमधून आतलं त्रिमितीय चित्र उभं करतो, उपचाराआधी प्लॅनिंगसाठी काढलेल्या सीटीशी जुळवतो आणि टेबल किती मिलिमीटर हलवायचं ते सांगतो. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात वायू आहे का, हेही दिसतं. प्रोस्टेट या दोघांच्या बेचक्यात असल्यामुळे हाडं जुळली तरी ती जागेवर असेलच असं नाही. म्हणून प्रोस्टेट किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तर सीबीसीटीच. स्कॅनच्या किरणांची भीती अनेकांना वाटते. पण ओटीपोटाच्या एका स्कॅनचा डोस रोजच्या २ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) उपचाराच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो.

दुसरा पर्याय अलाइनआरटी, कॅटालिस्ट यांसारख्या यंत्रणांचा. छतावरचे कॅमेरे अंगावर प्रकाश टाकून कातडीचा आकार मोजतात. जादा किरण शून्य. शिवाय सीबीसीटी बीम (उपचाराच्या किरणांचा झोत) सुरू होण्याआधीचा क्षण दाखवतं. मधेच पेशंट खोकला तर सीबीसीटीला पत्ता लागत नाही. कॅमेरा उपचारभर पाहत राहतो, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की बीम थांबवता येतो. डाव्या स्तनाच्या कॅन्सरला याचा खरा उपयोग: खोल श्वास रोखला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं, आणि श्वास नेमका तेवढाच भरलाय का हे कॅमेरा सांगतो. सीबीसीटीला लागणारा मिनिट एका श्वासात बसवणं अवघड. स्कॅन तुकड्या-तुकड्यांत घ्यावा लागतो.

पण कॅमेऱ्याला कातडीखालचं काहीच कळत नाही. अंग उघडं ठेवावं लागतं, संकोच वाटणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. काही यंत्रणांत कातडीच्या रंगानुसार सेटिंग बदलावं लागतं. सावळ्या रंगाला ते नीट केलेलं हवं.

एकच निवडायचं तर मी सीबीसीटी घेईन. डाव्या स्तनासाठी मात्र कॅमेरा असलेलं केंद्र थोडं लांब असलं तरी जाईन, तिथेही अधूनमधून एक्स-रेने पडताळणी होते का एवढं विचारून. आणि सीबीसीटी असलेल्या केंद्रात पहिला प्रश्न हाच: स्कॅन रोज घेता, की आठवड्यातून एकदा?