'ॲना' सफरचंद: एका पूर्ण बहरानंतरचा अनुभव

फुलोऱ्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत ॲनाचा एक अख्खा बहर हाताखालून गेला, म्हणून आता सविस्तर लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो: झाडावरून तोडून दोन-चार दिवसांत खायचं असेल, तर वाण झकास आहे. पेटीत भरून महिनोन्महिने पुरवायचं असेल, तर दुसरं बघा.

हे वाण इस्राएलमधल्या एन शेमेर किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीवर) आबा स्टाइन यांनी काढलं, रेड हदासिया आणि गोल्डन डिलिशसच्या संकरातून. सफरचंदाच्या जुन्या वाणांना हिवाळी झोपेतून जागं व्हायला सात अंशांखालची थंडी हजारेक तास लागते. ॲनाचं दोन-तीनशे तासांत भागतं. पण थोड्या थंडीत जागं होणारं झाड फुलतंही आधी. उशिरा गोठणाऱ्या रात्री पडत असतील तिथे हाच गुण अंगाशी येतो, कारण उमललेलं फूल उणे दोन अंशांच्या आसपास जळायला लागतं.

एकटं झाड लावू नका. थोडी फळं धरतात, पण भरवसा नाही. जोडीला डॉर्सेट गोल्डन लावलं, हे बहामातल्या नासाऊचं वाण. दोघांचा फुलोरा एकाच वेळी येतो आणि फळधारणेत फरक उघड दिसतो.

विरळणी करताना जीव वर-खाली होतो खरा. एका गुच्छात पाच-सहा फळं बसतात; त्यातलं एकच, बहुतेकदा मधलं, ठेवायचं आणि दोन फळांत वीतभर अंतर राखायचं. ज्या फांदीवर हात आखडला, तिथली फळं लिंबाएवढीच राहिली.

आता खरी गोष्ट, तोडणी. ग्रॅनी स्मिथ या हिरव्या सफरचंदाला फुलापासून पिकायला जवळपास सहा महिने लागतात, ॲना साडेतीन-चार महिन्यांत तयार. सगळी घाई शेवटच्या आठवड्यात. फळ एकदम पिकत नाही. उन्हाकडची, शेंड्याची आधी, आतली नंतर. त्यामुळे एकाच दिवशी झाड रिकामं करण्यात अर्थ नाही. लाल झाक बघून फसू नका, ती कच्च्यावरही येते. देठाजवळची हिरवी त्वचा पिवळसर झाली का ते पाहा. फळ तळव्यात धरून हलकेच वर उचलून वळवलं की देठासकट सुटायला हवं. शंका असेल तर एक आडवं कापा: बिया पांढऱ्या असतील तर थांबा, तपकिरी असतील तर आजच तोडा.

वेळेवर तोडलेलं फळ दातांखाली कडकन तुटतं, रसाळ, गोड आणि जरा आंबट. तेच ओट्यावर ठेवलं तर काही दिवसांत साल जराशी तेलकट लागते, आतला गर पिठाळ होतो. लवकर पिकणाऱ्या बहुतेक वाणांचं हेच रडगाणं: फळ पिकवणारा इथिलीन वायू भराभर सुटतो, स्टार्चची साखर झटपट होते आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत जातं. तोडल्या तोडल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, शून्य ते चार अंशांत ठेवलं तर काही आठवडे निघतात. उरलेल्याचा मुरांबा करा, वाट बघत बसू नका. झाडावर ठेवूनही उपयोग नाही. पिकलेलं फळ आपणहून गळतं. आजूबाजूला दुसरं काही पिकलेलं नसताना हे लाल होतं, त्यामुळे पाखरांना आमंत्रण वेगळं द्यावं लागत नाही. जाळी फळ रंगायच्या आधीच लावा.

फळं उतरली की झाडाकडे दुर्लक्ष होतं, ते मात्र करू नका. पुढच्या बहराचे फुलकळे याच उन्हाळ्यात फांद्यांवरच्या डोळ्यांत तयार होत असतात आणि पानगळीला अजून बरेच महिने असतात. तोडणीनंतरही पाणी नियमित दिलं, बुंध्याशी आच्छादन ठेवलं आणि सरळ वर धावणारे फुटवे तेवढे काढले. नत्राचा मारा टाळला, नाहीतर नुसता पालाच माजतो.

दुसरं ॲना लावणार का? नाही. दोन झाडांची फळं एकाच पंधरवड्यात आली तर वाटायलाही माणसं पुरणार नाहीत. राहिलेल्या खड्ड्यात उशिरा पिकणारं, टिकाऊ वाण जाईल, फक्त थंडीचं गणित आधी बघून.