पाळणाघर: लेट फी बरी की महिन्याचा जादा तास?

हिंजवडीत नोकरी आणि वाकडात पाळणाघर, त्यामुळे मी दोन्ही करून बसलेय. आधीच्या ठिकाणी सातनंतर दर १५ मिनिटांना १०० रुपये, आत्ताच्या ठिकाणी महिन्याला ठरलेले जादा पैसे भरा आणि आठपर्यंत निवांत या.

लेट फी कागदावर स्वस्त वाटते, महिन्यातून एकदोनदाच अडकलात तर आहेच स्वस्त, पण पावसाळ्यात ट्रॅफिक जाम झाला की मीटर पडल्यासारखं होतं बघा. आणि गंमत म्हणजे पैसे भरतोय म्हटल्यावर आपली लाजच जाते, आधी मी धावत यायचे, मग म्हटलं चला अजून एक मेल टाकूनच निघू! हे फक्त माझंच नाही हां, इस्रायलमधे हैफाला ग्नीझी आणि रुस्टिचिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरांवर अभ्यास केला होता, तो २००० साली छापून आला, त्यातल्या ६ ठिकाणी १० मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल (तिथलं चलन) दंड लावला तर उशिरा येणारे आईबाप कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले, आणि नंतर दंड काढला तरी आकडा खाली आला नाही.

जादा तासात मुलाला खाऊ मिळतो, मावशींनाही उशिरापर्यंत थांबायचंय हे आधीच माहीत असतं, त्या तोंड वाकडं करत नाहीत. तोटा एवढाच, लवकर पोचलात तरी पैसे गेलेच. आठवड्यातून दोनदा तरी उशीर होत असेल तर हाच घ्या. आठनंतर मात्र इथंही लेट फी आहेच 😅