नेमबाजीत नवशिक्याच्या हाती आधी काय: एअर रायफल की पॉइंट टू-टू (.२२ बोअरची, बारुदाच्या गोळीची रायफल)?
माझं मत ठाम आहे: आधी १० मीटरवर नेम धरायची, हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी एअर रायफल. छर्रा ४.५ मिमीचा, धक्का जवळपास नाहीच, आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा नळीतून सावकाश सुटतो, त्यामुळे ट्रिगर दाबताच खांदा सैल सोडला की चूक लगेच कागदावर उमटते. याहून चांगला गुरू नाही.

पॉइंट टू-टूची गोळी ५.६ मिमीची, अंतर ५० मीटर. तिथे वारा ओळखावा लागतो. शिवाय परवाना, गोळ्यांचा खर्च आणि आवाजाने नकळत मिटणारे डोळे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य जिंकलं ते याच प्रकारच्या रायफलीवर, त्यामुळे मुलांना तिची ओढ वाटणारच. पण श्वास आणि ट्रिगर यांचा मेळ बसेपर्यंत ती देऊ नये. नळी निशाण्याकडे आणि बोट ट्रिगरबाहेर, हा नियम दोन्हींना सारखाच.