मुलाखतीला काय घालायचं: ब्लेझर की शर्ट-पँट, साडी की पंजाबी ड्रेस?

मुलाखतीचा फोन आला की घरात लगेच दोन तट पडतात. वडील म्हणतात, "कोट घाल, वजन पडतं." मोठा भाऊ म्हणतो, "कोट कोण घालतं हल्ली? शर्ट-पँट पुरे." मुलीची मुलाखत असेल तर आई कपाटातून साडी काढते आणि मावशी म्हणते, ड्रेसच बरा. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात बारा वर्षं होते. टेबलाच्या पलीकडे बसून शेकडो मुलं-मुली आत येताना पाहिल्या. त्यामुळे कुणी विचारलं की मी उलट तीन प्रश्न विचारते: मुलाखत कुठे आहे, तिथवर कशी जाणार, आणि आत गेल्यावर कुठे-कुठे फिरावं लागेल? याची उत्तरं मिळाली की कपडा बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

मुलांसाठी: ब्लेझर की शर्ट-पँट

सातपूर, अंबड किंवा सिन्नरकडच्या माळेगाव-मुसळगावच्या वसाहतीत क्वालिटी, मेंटेनन्स, प्रॉडक्शन असल्या जागेसाठी जात असाल, तर इस्त्रीचा शर्ट, गडद पँट आणि पट्टा. ब्लेझर घरी ठेवा. अशा मुलाखतीला गेटवर नाव लिहिण्यापासून सुरुवात होते, मग कँटीनमध्ये किंवा ट्रेनिंग रूममध्ये लेखी परीक्षा, मग दोन-तीन तास थांबणं. शेवटी मुलाखत घेणारे साहेब म्हणतात, "चला, जरा शॉपफ्लोअरवर चक्कर मारू." साहेब स्वतः कंपनीच्या शर्टात आणि सेफ्टी शूजमध्ये असतात. त्यांच्याबरोबर मशीनच्या रांगेतून चालताना कोटातला मुलगा अवघडतो. हात कुठे ठेवावा, कशाला टेकावं, हेच त्याच्या डोक्यात राहतं. एप्रिल-मे असेल तर नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं. पंचवटीहून द्वारका चौकाची गर्दी पार करून दुचाकीने अंबडला पोचेपर्यंत कोटाच्या आत काय होत असेल, ते सांगायला नको.

ब्लेझर कामाचा ठरतो तो हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला, बँकेतल्या अधिकारी पदाला, एमबीएनंतरच्या विक्री-मार्केटिंगच्या नोकरीला आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या रिसॉर्टमध्ये किंवा वायनरीत पाहुण्यांशी बोलण्याच्या कामाला. तिथे तुम्ही कसे दिसता हा कामाचाच भाग असतो. पण ब्लेझर स्वतःच्या मापाचा हवा. मागून आणलेला ब्लेझर खांद्यात फसतो, आणि खांदा ही एक गोष्ट शिंपीदादा सहज दुरुस्त करू शकत नाहीत. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा उतरला की कोट उसना आहे हे लांबून कळतं. उसना चांगला ब्लेझर आणि स्वतःचा साधा शर्ट यात निवड असेल, तर मी दरवेळी शर्ट सांगीन.

आता शर्टाचं कापड, कारण खरी चूक इथे होते. शुद्ध सुती शर्ट दुकानात सगळ्यांत देखणा दिसतो. पण दुचाकीवर अर्धा तास बसून उतरलात की पाठ आणि पोट दोन्ही चुरगळलेलं असतं. लिननचं तर विचारूच नका. कॉटनमध्ये थोडं पॉलिस्टर मिसळलेलं कापड घ्या. हवाही खेळते आणि इस्त्रीही दुपारपर्यंत टिकते. पूर्ण पॉलिस्टर मात्र नको. ते घाम धरून ठेवतं, आणि वेल्डिंगच्या बाजूने जाताना ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. रंगात उन्हाळ्यासाठी पांढरा सरस, कारण घामाचे डाग राखाडी किंवा निळ्या कापडावर जसे उठून दिसतात तसे पांढऱ्यावर दिसत नाहीत. आत बनियन हवंच. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल उडतो, तेव्हा बारीक रेघांचा फिका निळा बरा.

पँटीत चिनो (जाडसर सुती पँट) आणि टेरीवूल (पॉलिस्टर-लोकर मिश्रण) किंवा पॉलिस्टर-व्हिस्कोसची फॉर्मल पँट असे दोन पर्याय समोर येतात. तीन तास बसल्यावर चिनोला गुडघ्यात फुगे येतात. फॉर्मल पँटीची घडी टिकते. एवढ्या एका कारणासाठी मी दुसरी सुचवते.

तयार की शिवून

हातात दहा दिवस असतील आणि अंगयष्टी सडसडीत-उंच किंवा बुटकी-रुंद असेल, तर शिवून घ्या. शालिमार-मेन रोडला कापड मिळतं. छत्तीस इंची पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण सव्वादोन मीटर लागतं, अठ्ठावन्न इंची असेल तर १.६ मीटर. पँटीला मोठ्या पन्न्याचं १.२ ते १.३ मीटर पुरतं. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत शिंपी "आठ दिवस" म्हणाले तर पंधरा धरा. वेळ कमी असेल तर तयार कपडे घ्या, पण पँटीची लांबी त्याच दिवशी ऑल्टर करून घ्या. मोहरी बुटावर दोन घड्या घालून बसली की चांगली पँटही ढगळ दिसते.

मुलींसाठी: साडी, ड्रेस की शर्ट-ट्राउझर

शाळेत शिक्षिकेची मुलाखत असेल तर साडी किंवा दुपट्ट्यासह सलवार-चुडीदार, दोन्ही सारखेच योग्य. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यातही महिलांसाठी हेच दोन पर्याय आहेत, आणि जीन्स, टी-शर्ट, भडक नक्षीचे कपडे नकोत असं म्हटलं आहे. मुलाखतीलाच साडीत किंवा ड्रेसमध्ये गेलात तर समोरच्यांना तुम्ही वर्गात उभ्या असलेल्या दिसता. साडी नेसायची तर कांजी केलेली सुती साडी छान दिसते, पण स्कूटरवर तिच्या निऱ्या मोडतात. रिक्षाने किंवा घरच्या कोणाच्या गाडीने जाणार असाल तरच ती. येवल्याची पैठणी आपल्या जिल्ह्याचं वैभव आहे. ती नोकरी लागल्यावर नेसा. जरीचा पदर मुलाखतीच्या खोलीत लग्नघर घेऊन येतो.

कारखान्यासाठी मात्र माझं मत साडीच्या विरोधात आहे, आणि त्याला एक प्रसंग कारण आहे. डिप्लोमा झालेली एक मुलगी आली होती. आईने हौसेने नेसवलेली आकाशी साडी, केसात मोगऱ्याचा छोटा गजरा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, लीस्ट काउंट, मोजमापाचं सगळं तोंडपाठ. पण फ्लोअरवर सुपरवायझरने तिला पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभं केलं. फिरत्या चकजवळ (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडून फिरवणारा भाग) पदर नेणं धोक्याचंच असतं. चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही लिहिलेलं होतं. तिच्याबरोबरची मुलं वाकून जॉब बघत होती, प्रश्न विचारत होती, आणि ती लांबून पाहत होती. निवड तिची झाली, पण तो अर्धा तास तिच्या हातून गेला याची मला आजही चुटपुट लागते.

म्हणून कारखान्याला गुडघ्यापर्यंतचा सरळ कुर्ता आणि सरळ पँट. ओढणी घ्यायची तर दोन्ही खांद्यांना पिन केलेली, किंवा नकोच. बाही मनगटावर लोंबणारी नको. शर्ट-ट्राउझर सगळ्यांत सुटसुटीत, पण आधी कधी घातलं नसेल तर मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सारखा शर्ट खाली ओढत बसाल. आयटी किंवा ऑफिसच्या कामाला कुर्ता आणि शर्ट-ट्राउझर यांत फरक पडत नाही. ज्यात तुम्ही निवांत बसू शकता ते घाला.

बूट, थंडी, पाऊस

पुढून बंद बूट, पॉलिश केलेले, आधी चार दिवस घालून मऊ झालेले. बस्स. जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा स्वेटर घाला, पण जिथे थांबायला बसवतील तिथे काढून पिशवीत ठेवा. पावसाळ्यात चपलेवर जा, बूट आणि मोजे पिशवीत न्या, गेटच्या अलीकडे बदला. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. रेनकोटच्या खिशात नकोत.

मुलाखत उद्याच असेल, तर नवीन काहीही आणू नका. घरात जो फिका शर्ट किंवा सरळ कुर्ता सगळ्यांत नीट बसतो, तो आज रात्री अंगावर घालून पंधरा मिनिटं खुर्चीत बसा. बटणांमधून फट पडते का, वाकल्यावर पाठ उघडी पडते का, घरच्यांना बघायला सांगा. सैल बटण आत्ताच टाचा. मग इस्त्री करून हँगरला लावा, आणि सकाळी नाश्ता झाल्यावर घाला.