केबल बंद केल्यानंतरचे आठ महिने

आमचा टीव्ही ४० इंची, साधा एलईडी आहे; स्मार्ट नाही, पण मागे दोन एचडीएमआय पोर्ट आहेत. गेल्या जूनमध्ये केबलचे बिल महिना ४१० रुपयांवर गेले, तेव्हा आईच्या दोन मालिका, संध्याकाळच्या बातम्या आणि माझे क्रिकेट एवढ्यासाठी दोनशेहून अधिक वाहिन्यांचे पैसे का भरायचे, असा विचार करून मी केबल बंद केली आणि स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचून इंटरनेटवरची अ‍ॅप टीव्हीवर दाखवणारे छोटे उपकरण, घेतली. त्याआधी डीडी फ्री डिशचाही विचार झाला होता, कारण तिथे डिश आणि बॉक्सचा एकदाचा खर्च सोडला तर मासिक शुल्क नसते. पण आईला हव्या असलेल्या दोन्ही वाहिन्या तिथे नव्हत्या.

स्टिक बसवायला वीस मिनिटे लागली आणि ती सुरळीत चालायला तीन आठवडे. पहिला घोळ विजेचा होता. भिंतीवर आणखी एक वायर नको म्हणून मी स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टात खोचली होती. ऐन मालिकेत पडदा काळा व्हायचा, कंपनीचे बोधचिन्ह उमटायचे आणि सारे पहिल्यापासून सुरू व्हायचे. मी आधी इंटरनेटला दोष दिला, मग अ‍ॅपला. कारण साधे होते: जुन्या टीव्हीचा यूएसबी पोर्ट सहसा अर्धा अँपिअर देतो आणि स्टिकला सोबतच्या अ‍ॅडॅप्टरचा पूर्ण एक अँपिअर लागतो. अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावल्यापासून हा प्रकार एकदाही घडलेला नाही.

दुसरा घोळ वायफायचा, आणि तो अधिक चिवट होता. आमचे फायबरचे कनेक्शन १०० एमबीपीएसचे आहे, तर १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी नेटफ्लिक्स स्वतः ५ एमबीपीएस पुरेसे मानते. तरीही रात्री आठनंतर चित्र फुटायचे आणि गोल चक्र फिरत राहायचे. फोनवर वेग चांगला दिसत होता, पण फोन हातात असतो आणि स्टिक टीव्हीच्या पाठीला, भिंतीकडे तोंड करून लटकलेली असते, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. स्टिकवरच वेग मोजला तेव्हा तो जेमतेम ६ एमबीपीएस भरला. राउटर दाराजवळ होता, मध्ये काँक्रीटची भिंत आणि फ्रिज, आणि स्टिक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर जोडलेली, ज्यावर इमारतीतले इतर बरेच राउटरही गर्दी करून असतात. खोक्यात आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन वायर, जी मी निरुपयोगी समजून ड्रॉवरमध्ये टाकली होती, ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर काढली, ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडले आणि राउटर हॉलमध्ये आणला, कारण ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंती भेदण्याची त्याची ताकद कमी असते. आता त्याच जागी रात्रीही ७० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. इंटरनेट कंपनीचा माणूस मात्र तोवर दोनदा येऊन, फोनवर वेग दाखवून, ‘सगळं ओके आहे’ म्हणून गेला होता.

वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस १,३०० रुपयांना घेतला. केबलच्या काळात गल्लीतला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की घरात इन्व्हर्टर असूनही पडदा कोराच राही. या एका बाबतीत आम्ही आता सुखी आहोत.

आईसाठी मात्र बदल सोपा नव्हता. तिला वाहिनीचा क्रमांक पाठ होता. रिमोटवरचे तीन अंक दाबले की काम झाले. आता आधी अ‍ॅप, मग प्रोफाइल, मग चित्रांच्या रांगा, आणि बोट चुकले तर भलताच चित्रपट सुरू. टीव्हीतील एचडीएमआय-सीईसी ही सोय चालू केल्यावर स्टिकच्या रिमोटनेच टीव्ही सुरू होऊन योग्य इनपुटवर येऊ लागला, त्यामुळे दोन रिमोटचा गोंधळ मिटला. होमच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिची दोन अ‍ॅप सर्वांत आधी दिसतील अशी लावली. तिचे खरे दुःख वेगळेच निघाले. झी फाइव्ह या अ‍ॅपवर पैसे भरलेल्या सभासदांना काही मालिकांचे भाग टीव्हीआधी पाहता येतात. आईने दुपारीच भाग पाहून टाकला आणि रात्रीच्या फोनवर मावशीला पुढचे सांगून बसली. ‘तू आधी सांगू नकोस गं, माझी मजा जाते,’ असे मावशी रागावून म्हणाली. तेव्हापासून आई भाग हाताशी असूनही रात्री साडेनऊपर्यंत थांबते.

बातम्यांची अडचण नाही, कारण बहुतेक मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असते. क्रिकेट मात्र केबलपेक्षा मागून येते. शेजाऱ्यांकडचा जल्लोष ऐकू आला की आमच्याकडे गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा असतो, आणि यावर मला उपाय सापडलेला नाही.

खर्चाचा हिशेब वाटला त्यापेक्षा फिका आहे. स्टिक ३,८००, यूपीएस १,३०० आणि दोन अ‍ॅपचे वार्षिक शुल्क सुमारे २,२००, म्हणजे पहिल्या वर्षी ७,३०० रुपये. केबलचे वर्षाला ४,९२० होत असत. बचत दुसऱ्या वर्षापासून, तीही २,७०० च्या घरात, आणि तीसुद्धा इंटरनेट माझ्या कामासाठी आधीपासून घरात होते म्हणून. जीएसटी धरून महिना ८२५ रुपयांचे कनेक्शन केवळ टीव्हीसाठी घ्यायचे असेल, तर केबलच स्वस्त पडेल. वर्गणी भरताना ती टीव्हीवर चालते का, हेही वाचावे. नेटफ्लिक्सची सर्वांत स्वस्त योजना फक्त मोबाइल आणि टॅबलेटपुरती आहे. माझ्या मेहुण्यांनी स्टिकऐवजी खोक्यावर ‘४के’ छापलेला एक स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेतला. त्यात वाइडवाइन या नक्कल-प्रतिबंधक यंत्रणेची एल१, म्हणजे सर्वांत वरच्या, पातळीची मान्यता नसल्यामुळे बऱ्याच सशुल्क अ‍ॅपवर चित्र ४८० पिक्सेलच्या वर जात नाही, आणि ते सेटिंगमध्ये बदलता येत नाही.

स्टिकमध्ये साठवण ८ जीबीच आहे, त्यामुळे दर दोन महिन्यांनी न वापरलेली अ‍ॅप काढावी लागतात. वर्गण्या जूनमध्ये संपतील. आपोआप नूतनीकरण मी बंद केले आहे. आईची दुसरी मालिका तोवर संपली, तर त्या अ‍ॅपचे पैसे पुन्हा भरणार नाही.